उत्थान आणि कल्याणमित्रता : तिबेटी निर्वासितांच्या उपजीविकेचा इतिहास

अंगुत्तर निकायाच्या अट्ठक निपातात दीघजाणु नावाच्या कोलिय उपासकाची कथा आली आहे. तो कक्करपत्त या कोलियांच्या निगमात तथागतांच्या भेटीस आला. आपण संसारी माणसे आहोत, मुलाबाळांच्या गराड्यात राहतो, सुवर्णरजताचा व्यवहार करतो. अशा आम्हांस या लोकी हितकारक होईल असा धम्म सांगावा, अशी त्याने विनंती केली. तथागतांनी त्यास चार संपदा सांगितल्या : उट्ठानसंपदा, आरक्खसंपदा, कल्याणमित्तता आणि समजीविता. अंगमेहनतीने व कौशल्याने उपजीविका मिळविणे, मिळविलेले सांभाळणे, सत्पुरुषांची संगती धरणे आणि आय व व्यय यांचा तोल राखून जगणे, असा या चार शब्दांचा आशय आहे. उट्ठानाचे विवरण करताना तेथे उपजीविकेचे मार्गही मोजून दाखविले आहेत : शेती, व्यापार, गोपालन, धनुर्विद्या, राजसेवा अथवा एखादे शिल्प.

हा उपदेश घरदार असलेल्या माणसाला केलेला आहे. ज्याचे घर, शेत व देशही गेला, त्याने उट्ठान कोठून आरंभावे? या प्रश्नाचे उत्तर आमच्या काळात एका बौद्ध जनसमूहाने जगून दिले आहे. 1959 नंतर भारतात व पुढे अन्य देशांत आश्रयास गेलेल्या तिबेटी बांधवांविषयी आमच्या समाजात आदर आहे. परंतु त्यांनी पोट कसे भरले, कोणती कामे केली, कोणाच्या साहाय्याने केली, हा इतिहास फारसा सांगितला जात नाही. तो येथे थोडक्यात मांडण्याचा आम्ही यत्न करीत आहोत. तो मांडताना आमच्याच समाजासंबंधीचा एक अवघड प्रश्न वाटेत उभा राहतो. तोही टाळू नये असे आम्हांस वाटते.

खडी फोडणारे हात

26 ऑगस्ट 1954 रोजी राज्यसभेत बोलताना बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारताच्या तिबेटविषयक धोरणावर कठोर टीका केली होती. पंचशील हे मूळचे बौद्ध धम्मातील तत्त्व आहे याचे त्यांनी स्मरण करून दिले आणि ल्हासा चीनच्या हाती जाऊ दिल्याने चीनची सीमा आपल्या सीमेला येऊन भिडते, असा इशारा दिला. पाच वर्षांच्या आत तो इशारा खरा ठरला. 10 मार्च 1959 रोजी ल्हासात उठाव झाला. 17 मार्चच्या रात्री दलाई लामांनी राजधानी सोडली आणि 31 मार्च रोजी त्यांनी भारताच्या सीमेत पाऊल ठेवले. त्यांच्यामागून पुढील काळात सुमारे ऐंशी हजार तिबेटी हिमालय ओलांडून आले.

आसामात मिसामारी येथे बांबूच्या झोपड्यांची छावणी उभारण्यात आली. बंगालच्या सीमेवरील बक्सा द्वार या ब्रिटिशकालीन तुरुंगाच्या जागी सेरा, डेपुंग व गादेन या महाविहारांच्या भिक्षूंस ठेवले गेले. बारा हजार फूट उंचीवरील कोरड्या थंडीत वाढलेली ही माणसे आसामच्या दमट उकाड्यात आजारी पडू लागली. क्षयाने व अतिसाराने अनेक जण दगावले. त्यांना थंड प्रदेशात हलविणे भाग होते, आणि त्याच सुमारास सीमेवर रस्ते बांधण्याची शासनाला निकड होती. या दोन गरजा जुळल्या, आणि सिक्कीम, कुलू, मनाली, चंबा व लडाख या भागांत हजारो तिबेटी रस्त्याच्या कामावर मजूर म्हणून रुजू झाले.

आश्रयाच्या देशात त्यांना मिळालेले पहिले काम हे होते. पशुपालक, शेतकरी, व्यापारी, सरदार घराण्यातील माणसे, चीवर उतरविलेले भिक्षू असे सारे एका रांगेत बसून खडी फोडीत. जुन्या तिबेटात जमीन मुख्यतः मठ, सरदार व शासन यांच्या हाती होती. लोहार व खाटीक यांना हीन लेखले जाई. ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. बौद्ध देशातही उच्चनीचता शिरू शकते, हे बाबासाहेबांच्या अनुयायांनी तरी डोळसपणे पाहिले पाहिजे. रस्त्याच्या कामावर मात्र हातोडा सर्वांच्या हाती सारखाच आला.

या कामाची किंमत मुलांनी दिली. आईबाप कामावर असताना मुले तंबूत वा रस्त्याच्या कडेला असत. दरडी कोसळत, सुरुंगांचे अपघात होत, कुपोषण तर सार्वत्रिक होते. 17 मे 1960 रोजी जम्मूकडील रस्त्यांच्या छावण्यांतून 51 मुले धर्मशाळेस आणण्यात आली आणि दलाई लामांच्या थोरल्या भगिनी त्सेरिंग डोल्मा यांच्या देखरेखीखाली एक बालसंगोपनगृह सुरू झाले. पुढे ‘तिबेटन चिल्ड्रन्स व्हिलेज’ म्हणून नावारूपास आलेल्या मोठ्या शिक्षणसंस्थेचा हा आरंभ होय. तत्पूर्वी त्याच वर्षी मार्चमध्ये मसुरीस पहिली तिबेटी शाळा निघाली होती, आणि 1961 साली केंद्र शासनाने तिबेटी शाळांसाठी स्वतंत्र मंडळ स्थापिले. पोटाची सोय होण्याआधी शाळेची सोय झाली, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

शेती आणि भिक्षूंचा नांगर

रस्ते आज ना उद्या पूर्ण होणार होते. कायमची उपजीविका जमिनीवाचून शक्य नव्हती. पंतप्रधान नेहरूंनी राज्यांना जमिनीविषयी विचारणा केली. म्हैसूर राज्याने बैलकुप्पे येथे सुमारे 3000 एकर जंगल भाडेपट्ट्याने दिले आणि 1960 च्या अखेरीस पहिली वसाहत सुरू झाली. पाठोपाठ 1963 मध्ये मैनपाट व चंद्रगिरी, 1966 मध्ये मुंडगोड, 1972 मध्ये हुणसूर अशा वसाहती उभ्या राहिल्या. आपल्या महाराष्ट्रातही 1972 साली तत्कालीन भंडारा जिल्ह्यात (आता गोंदिया जिल्ह्यात) गोठणगावच्या परिसरात नोर्ग्येलिंग ही वसाहत झाली. इटियाडोह धरणाकडे जाणाऱ्या आमच्या अनेक वाचकांनी तेथील पताका पाहिल्या असतील.

बैलकुप्पेस आलेल्यांपुढे प्रथम जंगल तोडण्याचे काम होते. झाडे तोडायची, बुंधे उपटायचे, हत्तींपासून पीक राखायचे. उष्ण प्रदेशातील शेतीचा त्यांना अनुभव नव्हता. तिबेटात सातू पिकविणाऱ्यांनी येथे मक्याची शेती शिकून घेतली. जमिनीची वाटणी माणशी साधारण एक एकर या प्रमाणात झाली, घराण्याच्या मानाप्रमाणे झाली नाही. खते, बियाणे, ट्रॅक्टर व मालाची विक्री यांसाठी सहकारी सोसायट्या काढण्यात आल्या. 1963 साली निर्वासनात जाहीर झालेल्या तिबेटी संविधानाच्या मसुद्यात सर्वांच्या समतेचे तत्त्व आले. परंतु त्या समतेचा पहिला अनुभव लोकांना या एकसारख्या एकराने दिला होता, असे आम्हांस वाटते.

बक्सा येथील भिक्षू 1970 च्या सुमारास दक्षिणेत आले. सेरा विहार बैलकुप्पेस, डेपुंग व गादेन मुंडगोडला वसले. दान देणारे उपासकच कंगाल झाले असता विहार कोणाच्या बळावर चालावेत? भिक्षूंनी स्वतः नांगर धरला. दिवसा शेत आणि सायंकाळी न्यायशास्त्राचा वादविवाद असा त्यांचा क्रम झाला. विनयाचा अभ्यास करणाऱ्यास येथे थबकावे लागते. भूमी खणणे व वनस्पती तोडणे या दोन्ही गोष्टी भिक्षूस पाचित्तिय आहेत. पाली पातिमोक्खात तसे शिक्षापद आहे आणि तिबेटी परंपरेच्या विनयातही आहे. भिक्षूंना हे ठाऊक नव्हते असे नाही. तरीही संघच नाहीसा झाला तर विनय कोण पाळणार, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. आम्ही येथे निर्णय देत नाही. एवढेच म्हणतो की, सुत्तनिपातातील कसिभारद्वाजाने तथागतांना ‘आपण नांगरत नाही, मग खाता कसे’ असे ज्या तोऱ्यात विचारले, तो प्रश्न मुंडगोडच्या भिक्षूंना विचारण्याची सोय कोणालाही उरली नाही.

शिल्प, वाणिज्य आणि शस्त्र

सुत्तातील उरलेल्या मार्गांचीही साक्ष या इतिहासात मिळते. प्रथम शिल्प. 2 ऑक्टोबर 1959 रोजी दार्जिलिंगला निर्वासितांचे स्वावलंबन केंद्र सुरू झाले व तेथे गालिच्यांचे माग लागले. नेपाळात जावलाखेल येथे स्विस साहाय्याने असेच केंद्र निघाले. गाठी मारून लोकरी गालिचे विणण्याची तिबेटी कला युरोपच्या बाजारात पोहोचली आणि 1990 च्या दशकाच्या आरंभी गालिचे ही नेपाळची सर्वांत मोठी निर्यात झाली. तोवर मागावर बसणाऱ्यांत बहुसंख्य नेपाळी मजूर होते. म्हणजे निर्वासितांनी आणलेल्या शिल्पाने यजमान देशाच्या गरिबांना काम दिले. परंतु या उद्योगाची काळी बाजूही होती. 1994 साली जर्मनीत तेथील बालमजुरीचे चित्रण प्रसिद्ध झाले आणि मागणी कोसळली. सम्मा आजीवाचा विचार ‘काय विकतो’ येथे संपत नाही. ‘ते कोणाच्या हातांनी घडले’ येथवर तो न्यावा लागतो.

दुसरे वाणिज्य. आमच्या वाचकांस तिबेटी माणूस प्रथम भेटला तो बहुधा हिवाळ्यातील स्वेटरविक्रेता म्हणून. पुणे, मुंबई, नागपूर येथील फुटपाथवर दिवाळीनंतर लागणारी ती दुकाने कोणी पाहिली नाहीत? हा माल तिबेटी हातांनी विणलेला असतो, असा समज आहे. वस्तुतः तो मुख्यतः लुधियानाच्या गिरण्यांचा व कारखान्यांचा असतो. वसाहतीतील पीक निघाले की कुटुंबे बाहेर पडतात, लुधियानाच्या घाऊक व्यापाऱ्यांकडून माल उधारीवर उचलतात, दोन-तीन महिने परक्या शहरात राहून विकतात आणि हंगाम संपला की उधारी फेडून परततात. ज्यांच्याजवळ तारण म्हणून ठेवण्यास घर वा जमीन नाही, त्यांना केवळ शब्दावर लक्षावधींचा माल मिळत आला आहे. वणिज्ज सुत्तात उपासकासाठी शस्त्र, जीव, मांस, मद्य व विष हे पाच व्यापार वर्ज्य सांगितले आहेत. थंडीने काकडणाऱ्याला लोकरीचे वस्त्र विकणे या कसोटीला सहज उतरते. आणि दिलेल्या शब्दाला जागणे ही या व्यापाराची खरी आरक्खसंपदा होय.

तिसरा मार्ग धनुर्विद्येचा, म्हणजे आजच्या भाषेत सैनिकी सेवेचा. 1962 च्या चिनी आक्रमणाच्या वेळी तिबेटी तरुणांचे एक विशेष सीमा दल स्थापन करण्यात आले. 1971 च्या युद्धात हे दल चितगावच्या डोंगराळ भागात लढले व त्यातील अनेक जण कामी आले. दीर्घ काळ त्यांच्या सेवेची जाहीर वाच्यता झाली नाही. 2020 साली लडाखमध्ये मृत्यू पावलेल्या एका तिबेटी सैनिकाच्या अंत्यसंस्काराच्या वेळी या दलाचे नाव उघडपणे लोकांपुढे आले. ज्या देशाचे नागरिकत्व नाही त्या देशासाठी प्राण देण्याची ही नोकरी होती.

विद्या हेच भांडवल

पोटापाण्याच्या या कामांबरोबर एक निराळेच ‘शिल्प’ निर्वासितांनी सोबत आणले होते. ते म्हणजे शास्त्रज्ञान. नागार्जुन, असंग, धर्मकीर्ती यांच्या कित्येक ग्रंथांची संस्कृत मुळे भारतातून लुप्त झाली. ती तिबेटी भाषांतरांत सुरक्षित राहिली. राहुल सांकृत्यायनांनी चार वेळा तिबेटची खडतर यात्रा केली ती याच धनासाठी. 1959 नंतर हे धन जाणणारे आचार्यच आपल्या दारी आले.

1967 साली सारनाथ येथे उच्च तिबेटी अध्ययनाची संस्था स्थापन झाली. सामदोंग रिनपोचे यांनी दीर्घ काळ तिचे नेतृत्व केले. आरंभी वाराणसीच्या संस्कृत विश्वविद्यालयाशी संलग्न असलेली ही संस्था 1977 साली स्वायत्त झाली व 1988 मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तिबेटी आचार्य व भारतीय पंडित एकत्र बसून लुप्त ग्रंथांचा तिबेटीवरून संस्कृतात पुनरुद्धार करतात, हे कार्य तेथे आजवर चालत आले आहे. धर्मशाळेच्या ग्रंथालयाची स्थापना 1970 ची. त्याच काळात अमेरिकेच्या धान्यसाहाय्याच्या मोबदल्यात साठलेल्या रुपयांतून, म्हणजे ‘पी. एल. 480’ योजनेतून, भारतात छापलेले ग्रंथ अमेरिकन ग्रंथालयांसाठी विकत घेतले जात. ई. जीन स्मिथ यांच्या प्रयत्नाने या योजनेत तिबेटी ग्रंथांचा समावेश झाला. लामांनी पाठीवरून आणलेल्या पोथ्या दिल्लीत छापल्या गेल्या, ग्रंथ वाचले आणि ते छापणाऱ्यांना कामही मिळाले.

पाश्चात्त्य विद्यापीठांनीही या विद्येची कदर केली. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने 1960 नंतर अनेक विद्यापीठांनी तिबेटी विद्वानांना बोलाविले. प्राध्यापक तुची यांच्या निमंत्रणावरून नामखाई नोर्बू रोमला गेले व पुढे नेपल्समध्ये त्यांनी दीर्घ काळ अध्यापन केले. सामतेन कर्मे लंडनमार्गे पॅरिसला पोहोचले आणि फ्रान्सच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत त्यांनी मान्यता मिळविली. एका पिढीपूर्वी जे संशोधनाचे ‘विषय’ मानले जात, ते स्वतः संशोधक झाले.

मात्र विद्वान थोडे असतात. सामान्य निर्वासिताचे काय? स्वित्झर्लंडचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. 1963 साली तेथील शासनाने एक हजार तिबेटींना प्रवेश देण्यास अनुमती दिली. रिकोन या गावी भांडी बनविणारा कून कुटुंबाचा कारखाना होता व त्यास कामगार हवे होते. 1964 पासून तेथे तिबेटींना काम व निवास मिळाला. थोड्याच काळात मालकांच्या ध्यानी आले की, रोजगार मिळूनही ही माणसे आतून हरवल्यासारखी झाली आहेत. तेव्हा त्यांच्या पुढाकाराने रिकोन येथे विहार व अध्ययनसंस्था स्थापन झाली. सिगालोवाद सुत्तात सेवकांप्रति मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत : शक्तीनुसार काम, योग्य वेतन व अन्न, आजारात शुश्रूषा, गोडधोडात वाटा, वेळेवर विश्रांती. रिकोनच्या मालकांनी ते सुत्त वाचले असण्याचा संभव नाही. पण त्याचा भावार्थ त्यांच्या आचरणात उतरला. अमेरिकेने 1990 च्या कायद्यान्वये एक हजार तिबेटींना प्रवेश दिला, परंतु निर्वासित म्हणून नव्हे, तर स्थलांतरित म्हणून. त्यामुळे शासकीय साहाय्य मिळाले नाही. आधी नोकरीचे आश्वासन देणारा कोणी मिळेल, तरच जाणे शक्य होते. तेथे पोहोचलेल्या अनेक सुशिक्षितांनी हॉटेलांत साफसफाईची, वृद्धांच्या शुश्रूषेची, मुले सांभाळण्याची कामे केली व वर्षानुवर्षे तुकड्या-तुकड्यांनी कुटुंबे बोलावून घेतली.

आमच्यापुढील प्रश्न

आता त्या अवघड प्रश्नाकडे वळू. ज्या 1959 साली तिबेटी बांधव भारतात आले, त्याच वर्षी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. 1964 च्या महापरिनिर्वाणदिनी तो देशव्यापी झाला आणि हजारो स्त्रीपुरुष तुरुंगात गेले. मागणी पडीक व गायरान जमिनीची होती. 1956 साली बौद्ध झालेल्या आमच्या समाजाच्या केंद्रीय सवलती धर्मांतराच्या कारणास्तव नाकारल्या गेल्या होत्या; महाराष्ट्र शासनाने 1960 मध्ये राज्यापुरत्या त्या दिल्या, पण केंद्रात त्या मिळण्यास 1990 साल उजाडावे लागले. बाहेरून आलेल्या बौद्धास हजारो एकर, आणि येथेच जन्मलेल्या बौद्धास तुरुंग, हा न्याय कोणता? असे विचारणाऱ्यास आम्ही संकुचित म्हणणार नाही. त्याची वेदना खरी आहे.

परंतु या वेदनेचा रोख कोणाकडे असावा? निर्वासितांना मिळालेली जमीन मालकीची नव्हती. ती भाडेपट्ट्याची होती व बहुतांशी जंगल होती. त्यांना मतदानाचा हक्क नव्हता, सरकारी नोकरीचे दार बंद होते. सुत्तातील सहा मार्गांपैकी राजसेवा हा मार्ग त्यांच्यासाठी नव्हताच. भारताने 1951 चा आंतरराष्ट्रीय निर्वासित करार स्वीकारलेला नसल्याने कायद्याच्या दृष्टीने ते ‘परकीय’ होते. नोंदणी दाखल्याचे ठराविक मुदतीने नूतनीकरण करून राहणारे. 26 जानेवारी 1950 ते 1 जुलै 1987 या काळात भारतात जन्मलेल्यांना कायद्याने नागरिकत्व मिळत असूनही, तो हक्क 2010 साली दिल्ली उच्च न्यायालयात जाऊन एका तिबेटी तरुणीस प्रस्थापित करून घ्यावा लागला. 2014 साली केंद्राने तिबेटी पुनर्वसनाचे समान धोरण ठरविले, तोवर प्रत्येक राज्याच्या मर्जीवर सारे अवलंबून होते. मर्जीवर उभारलेल्या घराचा पाया केव्हा सरकेल हे सांगता येत नाही. म्हणूनच त्यांच्या तरुण पिढीचा ओघ पश्चिमेकडे वाहू लागला. 2009 च्या तिबेटी प्रशासनाच्या जनगणनेत भारतात 94,203 तिबेटी नोंदले गेले होते. त्यानंतर ही संख्या घटत गेली आणि दक्षिणेतील वसाहतींत वृद्ध आणि भिक्षू यांचे प्रमाण वाढले.

तेव्हा या दोन जनसमूहांतील फरक असा दिसतो : आमच्याजवळ बाबासाहेबांनी मिळवून दिलेले हक्क होते, पण जमीन व शासनाची कल्याणमित्रता नव्हती, त्यांना कल्याणमित्र लाभले, पण हक्क नव्हते. जमीन, शाळा, सहकारी सोसायटी, दवाखाना व विहार या पाचही गोष्टी एकाच वेळी, आणि विखरून टाकलेल्या व्यक्तींना नव्हे तर एकत्र ठेवलेल्या समाजाला दिल्या, म्हणजे एका पिढीत काय घडू शकते, हे तिबेटी वसाहतींनी दाखवून दिले. ‘त्यांची जातच मेहनती’ हे स्पष्टीकरण आम्ही नाकारतो. मेहनत आमच्या बापजाद्यांनीही कमी केली नाही. कमी पडले ते उट्ठानाला मिळणारे साहाय्य.

याचे एक लक्षणीय प्रमाण आहे. म्हैसूर राज्यातील तिबेटींच्या पुनर्वसनासाठी 1968 साली ‘मायराडा’ ही संस्था निघाली. निर्वासितांचे काम आटोपल्यावर तिने आपला अनुभव स्थानिक गरिबांकडे वळविला आणि 1980 च्या दशकात ग्रामीण स्त्रीपुरुषांचे स्वयंसहायता गट उभारणाऱ्या पहिल्या संस्थांत तिची गणना झाली. नाबार्डने 1992 मध्ये असे गट बँकांशी जोडण्याचा कार्यक्रम हाती घेतला. आज आमच्या वस्त्यांतील भगिनी ज्या बचत गटात महिन्याचे पैसे भरतात, त्याच्या वंशावळीत कोठेतरी बैलकुप्पेच्या मक्याचे शेत आहे. निर्वासितांना दिलेला हात असा फिरून यजमानांच्या गरिबांकडे परत येतो.

चौथी संपदा समजीवितेची. आय-व्ययाचा तोल हा केवळ कुटुंबाच्या हिशेबवहीचा विषय नाही. रस्त्यावर खडी फोडणाऱ्यांनी मजुरीतून शाळेला व विहाराला वाटा दिला. परदेशी भांडी घासणाऱ्यांनी वसाहतीतील वृद्धांना पैसे धाडले. आमच्या नोकरदार वर्गाने स्वतःस हे विचारून पाहावे. ज्यांना संविधानाने राजसेवेचे दार उघडून दिले, त्यांच्या मिळकतीतला किती वाटा मागे राहिलेल्या वस्तीकडे परततो?

गोठणगावची वसाहत आमच्या धम्मबांधवांच्या गावांपासून दूर नाही. तेथे जाऊन केवळ पताका व गोम्पा पाहून परतू नये. सोसायटीचे कामकाज पाहावे, शाळेविषयी विचारावे, हिवाळ्यात कोणत्या शहरी दुकान लावता हे विचारावे, आणि आमच्या भूमिहीनांची कथा त्यांनाही सांगावी. दीघजाणुला सांगितलेल्या चार संपदांत कल्याणमित्रता ही एकटीच अशी आहे की, ती कोणालाही एकट्याने मिळविता येत नाही.